तुमचे प्रश्न : फुनाकोशी मास्तरांच्या हातातला झाडू

गेल्या अंकात गिचिन फुनाकोशींवर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले. जागाच तेवढी होती. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा मात्र एवढा आहे की गुडघेदुखी, बदाम भिजवून खावेत की कोरडे, वगैरे नेहमीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवलेत. ते पुढच्या महिन्यात घेऊ.

ज्यांनी मागचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुनाकोशी हे जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरचे प्राथमिक शिक्षक. १९२२ मध्ये त्यांनी कराटे टोकियोला नेलं, आणि पुढे त्यांच्या शिष्यांनी ते जगभर पोचवलं. आपल्याकडे गल्लीतल्या क्लासच्या पाटीवर ‘शोतोकान’ लिहिलेलं असतं, ते यांच्यामुळे. मी स्वतः एकतीस वर्षं मिरजेत पी.टी. शिकवली आणि संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात कराटेचा वर्ग घेतला. त्यामुळे मास्तर लोकांविषयी माझा थोडा पक्षपात असणार. वाचताना तेवढं वजा करा.

सर, फुनाकोशी लहानपणापासून ताकदवान होते का? मी दीड वर्ष क्लासला जातोय. आमचे सर तेच तेच हेआन काते (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम) करायला लावतात. नवीन काही शिकवतच नाहीत. (इयत्ता आठवी, बार्शी)

नव्हते रे बाळा. दिवस भरायच्या आत जन्मलेलं, किरकिरं पोर होतं ते. हे फार दिवस काढणार नाही, असं घरात सगळे धरूनच चालले होते. जन्म १८६८ चा, शुरी गावचा. शुरी म्हणजे ओकिनावाच्या जुन्या रिउक्यू राज्याची राजधानी. लहानपण आईच्या माहेरी, आजी-आजोबांकडे गेलं. शाळेतल्या एका मित्राचे वडील होते अझातो, आणि ते कराटेतले मोठे जाणकार. त्या काळी ही विद्या उघड्यावर शिकवत नसत. म्हणून हा मुलगा रात्री हातात मिणमिणता कंदील घेऊन अझातोंच्या घरी जायचा आणि पहाटे परतायचा. शेजारी कुजबुजायचे की पोरगं रात्रभर जातं तरी कुठे, नक्की नको त्या वस्तीत जात असणार.

तिथे काय चालायचं? तू आज ज्याला तेक्की म्हणतोस, ते तीन काते. अंगणात एकटा मुलगा, आणि ओसरीवर ताठ बसलेले अझातो. सगळं झालं की ते म्हणायचे, “पुन्हा कर.” कधी म्हणायचे, “अजून थोडं.” फार क्वचित, “ठीक.” हे ‘ठीक’ येईपर्यंत पुढचा काता नाही. त्या तीन कात्यांना दहा वर्षं लागली, असं फुनाकोशींनीच लिहून ठेवलंय. तू दीड वर्षाचा हिशेब सांगतोयस.

आणि एक गंमत. तुला कंटाळा आलेले हेआन काते तुझ्याच वयाच्या पोरांसाठी बांधलेले आहेत. फुनाकोशींचे दुसरे गुरू इतोसू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे शिरलं ते त्यांच्यामुळे, आणि मुलांना झेपेल असा क्रम लावून हे पाच काते त्यांनी बसवले. तेव्हा त्यांचं नाव होतं पिनान. ‘हेआन’ हे नाव नंतर फुनाकोशींनी दिलं. सरांवर रागवू नकोस. मी स्वतः पहिली दोन वर्षं “इच, नि, सान, शी” असं ओरडत होतो, आणि हे जपानी एक-दोन-तीन-चार आहेत हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मंत्र आहे.

ते डॉक्टर होणार होते आणि केसांमुळे राहिले, असं कुठेतरी वाचलं. हे कसं? (वैद्यकीय विद्यार्थिनी, पुणे)

खरं आहे. टोकियोच्या वैद्यकीय शाळेच्या प्रवेशपरीक्षेला १८७० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच बसता यायचं. फुनाकोशींनी जन्मसालात खाडाखोड करून घेतली आणि परीक्षा पासही झाले. म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांचं जन्मवर्ष कधी १८६८ तर कधी १८७० दिसतं. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख यांचं नातं तुमच्या आजोबांना विचारा, ते हसतील.

पण घोडं अडलं शेंडीवर. जपानच्या नव्या सरकारने पुरुषांनी डोक्यावर बांधायची जुनी गाठ बंद करायला सांगितली होती. वैद्यकीय शाळा गाठवाल्यांना घेत नव्हती. आणि ओकिनावाच्या जुन्या खानदानांना तर ती गाठ म्हणजे इभ्रत. फुनाकोशींचं घर या जुन्या पक्षाचं. डॉक्टरकी गेली. पुढे १८८८ मध्ये शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली, तेव्हा शेवटी गाठ कापावीच लागली. मुलाला तसं पाहून घरात जो काही प्रकार झाला, तो आपल्याकडच्या कोणत्याही घरात झाला असता तसाच. नंतर ते तीस वर्षं मास्तरकीत राहिले.

टोकियोत ते झाडू मारायचे, असं आपण लिहिलंत. एवढा मोठा माणूस! हे अतिशयोक्त वाटतं. (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

मोठा माणूस नंतर झाला. मे १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याने टोकियोत शारीरिक शिक्षणाचं एक प्रदर्शन भरवलं. ओकिनावातर्फे कराटे दाखवायला फुनाकोशींना पाठवलं. वय त्रेपन्न. मास्तरकी संपलेली, मुलं मोठी झालेली. प्रात्यक्षिक करायचं आणि बोटीने परत जायचं, एवढाच बेत. पण ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी आपल्या कोदोकान या ज्युदोशाळेत बोलावून घेतलं. तिथे शंभरावर ज्युदोवाल्यांसमोर प्रात्यक्षिक झालं. मग चित्रकार होआन कोसुगी म्हणाले, राहा आणि आम्हाला शिकवा. फुनाकोशींच्या पुढच्या पुस्तकांवरचा तो प्रसिद्ध वाघ यांनीच काढलेला. मास्तर राहिले.

राहायला जागा मिळाली ती ओकिनावी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात. मेइसेइ जुकू त्याचं नाव. दाराजवळची एक बारीकशी खोली. त्या बदल्यात काम काय? रखवालदारी, अंगण झाडणं, बागेची निगा, विद्यार्थ्यांच्या खोल्या साफ करणं. दिवसा हे, आणि व्याख्यानाची खोली मोकळी असेल तेव्हा तिथे कराटेचा वर्ग. शिष्य मूठभर. खानावळीचं बिल जड जायला लागलं, तेव्हा आचाऱ्यालाच कराटे शिकवायला घेतलं आणि बिलात सूट मिळवली. एकदा तर डोक्यावरची जुनी हॅट आणि हातमागावरचा ओकिनावी किमोनो घेऊन गहाणवटीच्या दुकानात गेले. दुकानातल्या कारकुनाने वस्तूंच्या किमतीपेक्षा बरेच जास्त पैसे हातावर ठेवले. मागून कळलं, कारकुनाचा धाकटा भाऊ यांच्या वर्गात येत होता.

झाडूची गोष्ट अशी. एक दिवस ते अंगण झाडत असताना वर्तमानपत्राचा बातमीदार आला. “कराटेचे शिक्षक फुनाकोशी कुठे भेटतील?” “जरा थांबा हं, साहेब,” असं म्हणून झाडू ठेवला, खोलीत जाऊन चांगला किमोनो चढवला, आणि दाराशी येऊन वाकून म्हणाले, “नमस्कार, मी फुनाकोशी.” त्या बातमीदाराचा चेहरा आपण कधी विसरणार नाही, असं त्यांनी म्हातारपणी लिहिलंय.

साहेब, तुम्ही बँकेतले, म्हणून आणखी एक. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने टोकियो जळून गेलं. त्यांचे काही शिष्य त्यात गेले. आदल्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाचे छपाईचे साचेही गेले. त्या दिवसांत त्यांनी एका बँकेत स्टेन्सिल तयार करण्याचं काम धरलं. आमच्या शाळेत सहामाहीचे पेपर स्टेन्सिलवर निघायचे. लोखंडी टोकाच्या पेनाने मेणकागदावर लिहायचं. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नाही, जास्त झाला तर कागद फाटतो. हे काम मी केलंय, म्हणून त्यांचं हे वाक्य वाचताना माझं बोट आपोआप दुखलं.

हळूहळू बस्तान बसलं. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचं मंडळ निघालं, मग इतर विद्यापीठांत. वसतिगृह सोडावं लागलं, तेव्हा नाकायामा हाकुदो या तलवारबाजीच्या नामवंत गुरूंनी आपली तालीम रिकाम्या वेळात वापरायला दिली. पुढे शिष्यांनी वर्गणी काढून स्वतंत्र डोजो, म्हणजे कराटेची तालीम, बांधला आणि दारावर पाटी लावली, ‘शोतोकान’. शोतो हे फुनाकोशींचं कवितेखाली घालायचं टोपणनाव. अर्थ, पाइनच्या झाडांतून वाऱ्याची उठणारी लाट. शुरीजवळच्या डोंगरावर ते रात्री फिरायला जात, तिथला तो आवाज.

मुलाच्या क्लासमध्ये दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग आणि नवा पट्टा. हे मूळचं जपानी आहे की इकडची दुकानदारी? (पालक, पनवेल)

पट्टे आणि पांढरा ड्रेस ज्युदोकडून आले, कानोंच्या प्रभावाने. ओकिनावात असलं काही नव्हतं. फुनाकोशींनी पहिले काळे पट्टे दिले एप्रिल १९२४ मध्ये, सात जणांना. दर तीन महिन्यांचं वेळापत्रक मात्र त्यांच्या माथी मारू नका.

कराटे हे मुळात भारतातून, बोधिधर्माकडून गेलं, असं आमच्या क्लासच्या माहितीपत्रकात छापलंय. तुमचं मत? (पणजी)

मीही हे तीस वर्षं मुलांना छाती फुगवून सांगितलं. आता सांगत नाही. स्वतः फुनाकोशींनी आपल्या पुस्तकांत ही कथा दिलीय, त्यामुळे ती सगळीकडे पोचली. पण भारतातून चीनला गेलेल्या बौद्ध भिक्षू बोधिधर्माने तिथल्या शाओलिन मठाच्या भिक्षूंना व्यायाम शिकवला ही गोष्ट ज्या चिनी ग्रंथावर उभी आहे, तो सतराव्या शतकातला. म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. इतिहासकार तो पुरावा मानत नाहीत. ओकिनावाचा चीनशी व्यापार होता, तिथून मुठीने लढायची विद्या आणि काते आले, स्थानिक विद्येत मिसळले, हे मात्र पक्कं.

पण भारताचा धागा हवाच असेल, तर खरा धागा दुसरीकडे आहे आणि तो जास्त सुंदर आहे. पूर्वी ‘कराटे’ लिहिताना जे अक्षर वापरत, त्याचा अर्थ चीन. म्हणजे ‘चिनी हात’. जपानीत त्याच ‘कारा’ उच्चाराचं दुसरं अक्षर आहे, अर्थ ‘रिकामा’. फुनाकोशींनी हे दुसरं अक्षर धरलं. ओकिनावात काही जुनी मंडळी चिडली. खरं तर ते अक्षर १९०५ मध्येच ओकिनावाच्या हानाशिरो चोमोंनी वापरलं होतं. १९३६ मध्ये ओकिनावातल्या नाहा शहरात जमलेल्या गुरूंनीही शेवटी ते स्वीकारलं. कारण विचाराल तर फुनाकोशींनी प्रज्ञापारमितेच्या हृदयसूत्राकडे, म्हणजे एका बौद्ध सूत्राकडे, बोट दाखवलं. तिथे तेच अक्षर येतं. मूळ संस्कृत ओळ आहे, “रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्.” कराटेतला ‘कारा’ म्हणजे ही शून्यता. अर्थात त्या वर्षांत जपानचं चीनशी वैर वाढत होतं आणि विद्येच्या नावात चीन असणं अडचणीचं होतं, हेही विसरून चालणार नाही. मला वाटतं, दोन्ही कारणं होती. त्यांनी एकच मोठ्याने सांगितलं.

त्यांनी कधी खरी मारामारी केली का? व्हिडिओत तर म्हातारे काका सावकाश काता करताना दिसतात. (कॉलेज विद्यार्थी, लातूर)

दोन प्रसंग सांगतो, दोन्ही त्यांनीच लिहिलेले.

पहिला ओकिनावातला. संध्याकाळी सासुरवाडीला निघाले होते, हातात देवापुढे, म्हणजे तिकडच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायचा गोड खाऊ. वाटेत दोघांनी अडवलं. मास्तरांनी भांडण टाळलं, खाऊ त्यांच्या हाती दिला आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी गुरूंना सांगितलं. इतोसू खूश. अझातोंनी विचारलं, मग देव्हाऱ्यापुढे काय ठेवलंस? “मनापासून प्रार्थना केली.” तेव्हा अझातो म्हणाले, बरोबर, कराटे म्हणतात ते हेच.

दुसरा युद्धानंतरचा, टोकियोतला. वय ऐंशीच्या घरात. कवितांच्या बैठकीहून रात्री परतत होते. अंधारात एकाने छत्री हिसकावली आणि तीच त्यांच्यावर उगारली. म्हातारबुवा खाली वाकले आणि त्या माणसाला अशा जागी धरलं की तो ओरडूही शकेना. तेवढ्यात पोलीस आला, त्याच्या हवाली केला. तू म्हणशील, वा! पण त्यांनी लिहिलंय की मला स्वतःची लाज वाटली, मुलांना जे करू नका म्हणून शिकवत आलो तेच मी केलं. मला विचारशील तर मी असतो तर चार ठिकाणी सांगत फिरलो असतो.

ऑलिंपिकमध्ये कराटे पाहून त्यांना आनंद झाला असता का? (सॅन होजे)

नसता, असं माझं मत. मोकळी लढत, गुण, पंच हे त्यांना पटत नव्हतं. कामाकुराच्या एंगाकु-जी मंदिरात त्यांच्या स्मारकाच्या दगडावर त्यांचंच वाक्य कोरलंय : कराटेत पहिला वार नसतो. ते २६ एप्रिल १९५७ ला वारले, आणि त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. मात्र २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात काता प्रकाराचं सुवर्ण ओकिनावाच्याच र्‍यो कियुनाने घेतलं, आणि पदक घेताना हातात आपल्या दिवंगत आईचा फोटो धरला. तेवढं त्यांनी टीव्हीसमोर बसून पाहिलं असतं.

मी मुलीला क्लासला सोडते आणि दीड तास बाहेर कट्ट्यावर बसते. तुम्ही त्यांच्याबद्दल लिहिलंत, गुरूंबद्दल लिहिलंत. ते टोकियोला निघून गेले तर त्यांच्या बायकोचं काय झालं? (एक आई, डोंबिवली)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. इतक्या वर्षांत वर्गात हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही, आणि खरं सांगतो, मलाही पडला नव्हता. पुन्हा त्यांचं पुस्तक काढून बसलो.

मास्तरांचा सुरुवातीचा पगार महिना तीन येन, आणि खाणारी तोंडं दहा. त्यामुळे बायको पहाटे उठून लांबच्या वावरात भाजी पिकवायची आणि रात्री मागावर कापड विणायची. एका ताग्याचे सहा सेन मिळायचे. शंभर सेनचा एक येन. नवरा रात्री अझातोंकडे जायचा, तेव्हा घर कोण चालवत होतं याचं उत्तर हे आहे.

आणि ती कराटे करायची. दमून आली की पाय चेपून घेण्याऐवजी बाहेर जाऊन काता करायची. ती कधी कोणत्या गुरूकडे गेल्याचं फुनाकोशी लिहीत नाहीत, पण जाणकाराइतकी तिची हालचाल पक्की होती, असं मात्र लिहितात. आळीतली पोरं घरी जमत, मास्तर नसतील तेव्हा त्यांच्याकडे तीच बघायची. शेजारी दारू पिऊन कुणी भांडत असेल तर ही मध्ये जायची, आवाज न चढवता दोघांना शांत करायची.

टोकियोत बस्तान बसल्यावर त्यांनी तिला बोलावलं. ती आली नाही. पूर्वजांची समाधी ओकिनावात, त्यांची सेवा सोडून येणार नाही, असं कळवलं. संसार वीस वर्षांहून जास्त काळ दोन ठिकाणी राहिला. मास्तर टोकियोत रोज सकाळी केस नीट विंचरून आधी राजवाड्याच्या दिशेने वाकायचे, मग ओकिनावाच्या दिशेने, आणि मग चहा. त्या दुसऱ्या नमस्कारात कोण कोण होतं हे त्यांनी सांगितलेलं नाही.

१९४५ उजाडलं. बॉम्बहल्ल्यात शोतोकान जळालं. त्याच वर्षी मुलगा योशिताका आजाराने गेला, ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो. ओकिनावात लढाई पेटली, बायकोला क्यूशू बेटावर ओइताला हलवलं होतं. मास्तर तिच्याकडे गेले. इतक्या वर्षांनी दोघं पुन्हा एका छपराखाली आले ते असे, निर्वासित म्हणून, भाजी लावून पोट भरत. १९४७ मध्ये ती दम्याने गेली. शेवटच्या वेळी तिला उठून बसायचं होतं. आधी टोकियोच्या दिशेने वाकून मुला-नातवंडांसाठी काही पुटपुटली, मग ओकिनावाकडे वळली.

तिच्या अस्थी घेऊन ते रेल्वेने टोकियोला निघाले. वाटेतल्या स्टेशनांवर जुने शिष्य उभे होते. त्यांना पाहून मास्तरांना रडू आवरेना.

आता तुमच्या दीड तासाबद्दल. माझ्या व्हरांड्यातल्या वर्गात दोन आया अशाच बाहेर बसायच्या. एकीने एक दिवस चपला काढल्या आणि शेवटच्या रांगेत येऊन उभी राहिली, साडीवरच. मी काही बोललो नाही, मोजायला सुरुवात केली. मुलीच्या सरांना विचारून पाहा. शेवटच्या रांगेत जागा असतेच.